शेवटचा भाग : पुढे चालू

२०२२ च्या दिवाळीत, नरकचतुर्दशीला, आम्ही सगळे फराळाला बसलो असताना आमच्या चिरंजीवांनी बातमी दिली, “आजोबा, मायकेल मायर्स मेला. आता खरंच मेला. शेवटचा भाग आलाय.”

अप्पांनी चकलीचा तुकडा कवळीत नीट बसवला, तीनदा चावला आणि विचारलं, “मुडदा कुणी बघितला?”

“सणासुदीचं काय हो हे अभद्र!” आमची ही लाडवांचा डबा हातात धरून म्हणाली.

“सूनबाई, आज मारामारीचाच सण आहे. सकाळी अंगठ्याखाली कारीट फोडलं ते कोण होतं? नरकासुरच ना? सत्तर वर्षं फोडतोय. दर वर्षी नवा हजर.”

यावर हिच्याजवळ उत्तर नव्हतं. तिनं अप्पांच्या ताटात लाडू वाढला, तो जरा जोरातच.

हा मायकेल मायर्स कोण, असा प्रश्न सभ्य वाचकांना पडला असेल. तो आमचा नातेवाईक नव्हे की आमच्या बँकेचा थकबाकीदारही नव्हे. अमेरिकेत सिनेमाची एक जात आहे, तिला ‘स्लॅशर’ म्हणतात. मराठीत ‘सपासप’ म्हणायला हरकत नाही. यात एक मुखवटेवाला असतो. तो बोलत नाही, धावत नाही. सरकारी कचेरीत फाइल ज्या गतीनं चालते त्या गतीनं तो चालतो आणि तरीही पळणाऱ्यांना गाठतो. तरुण पोरं-पोरी आईबाप परगावी गेल्याची संधी साधून नको ते करायला जमतात आणि “मी जरा खाली बघून येते हं,” असं म्हणत एकेक करून संपतात. शेवटी एक मुलगी उरते. ती त्याला मारते. तो पडतो. ती रडते. आणि मग पडल्या जागी त्याचं बोट हलतं. ते बोट म्हणजे पुढच्या भागाचं ॲडव्हान्स बुकिंग.

हे चित्रपट आमच्या घरात तीन पिढ्या बघतात असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे दोनच बघतात, अप्पा आणि चिरंजीव. मी मधला. मी डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघतो. चेकवरच्या सह्या तपासण्याचीही माझी हीच पद्धत आहे, असं आमचे मॅनेजर म्हणतात.

अप्पा म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी. कोरेगाव तालुक्यातले कितीतरी बागाईतदार आमच्या काउंटरवर येऊन जी सही ठोकतात, तिचं पहिलं अक्षर अप्पांनी हातावर छडी मारून गिरवून घेतलेलं आहे. डोक्याला टोपी, कपाळाला बुक्का आणि आवड ही अशी. ती लागली पुसेगावला. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत थंडीच्या दिवसांत तंबूच्या टॉकीजा यायच्या. अप्पा घरी “बैलबाजार बघून येतो” असं सांगून निघायचे आणि मला घेऊन तंबूत शिरायचे. रामसे बंधूंचा १९८४ चा ‘पुराना मंदिर’ मी तिथंच पाहिला. तेव्हा मी सहा-सात वर्षांचा. खाली माती, वर फडफडणारं कापड, बाहेर पाळण्याचा कर्णा आणि आत सामरी. सामरीचं मुंडकं एका पेटीत आणि धड दुसरीकडे. मी अप्पांच्या घोंगडीत तोंड खुपसलं. अप्पा मात्र सामरीकडे, शाळा तपासायला आलेल्या दिपोटी साहेबाकडे बघावं तसे, दबून पण बारकाईनं बघत होते.

परतीच्या एस. टी.त म्हणाले, “मुंडकं ठेवलं तिथंच चुकलं. ठेवलेलं कुणीतरी काढणारच.”

पुढे बँकेच्या नोकरीत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मला या वाक्याचा अर्थ कळला. बी. कॉम.च्या तीन वर्षांत तो कुणी सांगितला नव्हता.

अप्पा २००२ साली निवृत्त झाले. त्याच सुमाराला पेठेत एकानं सीडी भाड्यानं द्यायचं दुकान काढलं, आणि त्या दुकानातून ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ नावाचं प्रकरण हिंदीत बोलत आमच्या घरात शिरलं. यातला खुनी जेसन. म्हणजे असं सगळ्यांना वाटतं. पण १९८० च्या पहिल्या भागात खुनी असते ती त्याची आई. उन्हाळी शिबिरात पोरगा तळ्यात बुडाला, देखरेखीला ठेवलेली तरुण मंडळी आपापल्या उद्योगात होती, म्हणून ही बाई शिबिरवाल्यांवर सूड उगवते.

आम्ही घाबरून बसलो होतो. अप्पा संतापले होते, पण बाईवर नव्हे. “पोरं न्यायची मोजून आणि आणायची मोजून! आमची जरंडेश्वराची सहल असायची. बेचाळीस पोरं. वर चढताना मोजायचो, मारुतीपुढे मोजायचो, खाली उतरून मोजायचो. एकदा त्रेचाळीस भरली. शेजारच्या गावचं एक आलं होतं जेवणासाठी. ते पोचवून आलो घरी. हे शिबिरवाले सस्पेंड का नाही झाले?”

त्यानंतर आमच्या घरात जेसनकडे गुन्हेगार म्हणून कधीच बघितलं गेलं नाही. शिक्षण खात्याच्या हलगर्जीपणाचा बळी, एवढीच त्याची नोंद राहिली.

आता वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून दोन आकडे सांगतो. हा पहिला भाग निघाला साडेपाच लाख डॉलरांत आणि एकट्या अमेरिकेत त्यानं मिळवले चार कोटींच्या आसपास. असं खातं कुठला मॅनेजर बंद करू देईल? पुढच्याच वर्षी दुसरा भाग. जेसन बुडाला नव्हताच म्हणे. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. तिसऱ्यात त्याला तो हॉकीचा मुखवटा मिळाला. मग १३ एप्रिल १९८४ ला, शुक्रवार बघून, चौथा भाग आला. नाव ‘द फायनल चॅप्टर’. अंतिम अध्याय. पहिल्या भागात ज्यानं रंगभूषेची कामं केली तो टॉम सॅव्हिनी परत आला, कारण काय, तर ज्याला मी घडवला त्याला मीच मारणार. मारला. चांगला डोक्यात कोयता घालून मारला. एका शाळकरी पोराच्या हातून मारला. लोक हळहळले, तिकीटबारीवर तीन कोटी डॉलरांच्या वर जमा झाले आणि जेसनचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत, मार्च १९८५ मध्ये, पाचवा भाग हजर. नाव ‘अ न्यू बिगिनिंग’. नव्यानं श्रीगणेशा!

बरं, त्या पाचव्यात जेसन नसतोच. दुसराच एक जण मुखवटा घालून हिंडत असतो. आम्हाला फसवल्यासारखं वाटलं. अप्पांना काहीच वाटलं नाही. ते इतिहास शिकवायचे. “पानिपतावर भाऊसाहेब पडले १७६१ ला. पुढे तोतया उभा राहिलाच की नाही? लोकांना माणूस मेलेला पटत नाही रे. पटत नाही तोवर तोतया चालतो.”

सहाव्या भागात तोच पोरगा मोठा होऊन, जेसन मेला की नाही याची खात्री करायला म्हणून थडगं उकरतो. मग कुंपणाची सळई काय, वीज काय, आणि हा पठ्ठ्या उठून चालायला लागतो. “ज्याला मेलेला हवाय त्यानं उकरू नये,” अप्पा म्हणाले. एन. पी. ए. खात्यांबद्दल आमचे रीजनल मॅनेजर नेमकं उलटं सांगतात.

आता घरातली गोष्ट सांगतो.

निवृत्त झाले त्याच वर्षी, पहिल्या आंघोळीनंतर ओवाळून घेताना, अप्पांनी शांतपणे जाहीर केलं, “ही माझी शेवटची दिवाळी.”

घरात हलकल्लोळ झाला. आईच्या हातातलं निरांजन विझलं. माझी बहीण सासरहून भाऊबीजेऐवजी पाडव्यालाच आली. मी साताऱ्याहून डॉक्टर आणला. त्यांनी अप्पांना तपासलं आणि मला ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. २००३ ला अप्पा म्हणाले, “गेल्या वर्षी चुकलं. ही शेवटची.” त्या वर्षी निरांजन विझलं नाही, नुसतं हललं. २००४ ला आई म्हणाली, “बरं. आता फराळाला बसा.” २००६ पर्यंत असं झालं की अप्पा वाक्य सुरू करायचे आणि ते पोरगं बोबड्या बोलांत पूर्ण करायचं. मग अप्पांनी क्षेत्र वाढवलं. शेवटचं धोतर झालं, शेवटचा चष्मा झाला, २००९ च्या पावसाळ्यात पेठेतून आणली ती शेवटची छत्री झाली. “एवढी मला पुरेल,” असं ते म्हणाले. दुकानदारानं लगेच किंमत कमी केली. तो अप्पांचा विद्यार्थी. माझ्या मनात तेव्हाच आलं, की अप्पा आणि ते सिनेमावाले एकाच पद्धतीनं धंदा करतात. शेवटचं म्हटलं की माणूस थांबून बघतो. आम्ही बँकवाले तरी काय करतो? थकबाकीदाराला ‘अंतिम नोटीस’ पाठवतो. ती मिळाली की तो निर्धास्त होतो. त्याला माहीत असतं, की अजून दोन यायच्या आहेत.

आईनं मात्र आयुष्यात कशालाच शेवटचं म्हटलं नव्हतं. शेवटची पोळीसुद्धा ती ‘अजून आहे’ असं म्हणत वाढायची. २०११ च्या श्रावणात घेवडा निवडता निवडता ती ताटावर कलली आणि गेली. आमच्याकडचा वाघ्या घेवडा, तांबूस, वर रेघा असलेला. अर्धा निवडलेला एका बाजूला, न निवडलेला एका बाजूला.

त्या वर्षी दिवाळी साधीच केली. ओवाळून झालं. आम्ही सगळे अप्पांच्या तोंडाकडे बघत बसलो. अप्पा काही बोलले नाहीत. फराळ झाला तरी नाही. मी रात्रभर जागा होतो. इतकी भीती मला जेसनची कधी वाटली नव्हती.

२०१२ ला ओवाळून झाल्यावर अप्पांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “ही आता शेवटचीच.” हिला इतका आनंद झाला की तिनं चारच्या जागी सहा करंज्या वाढल्या.

हे सांगायचं कारण, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही त्यांना ‘झपाटलेला २’ बघायला साताऱ्याला नेलं. मूळचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. महेश कोठारेंनी अमेरिकेच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून बेतलेला. त्यातला चकी हा बाहुला आपल्याकडे येऊन तात्या विंचू झाला. अमेरिकेतल्या माणसाला धोतरावाचून इतकं मराठी झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि जीव मुठीत घेऊन पळायला लक्ष्मीकांत बेर्डे. तेव्हा मी चौदा वर्षांचा. साताऱ्याला खेळ बघून स्टँडवर आलो तर कोरेगावची शेवटची गाडी गेलेली. कंट्रोलर म्हणाला, “मागनं एक रिकामी येतीय.” आम्ही दीड तास त्या रिकामीची वाट बघितली. ती आली, भरून आली. घरी पोचल्यावर बहिणीची बाहुली मी पत्र्याच्या ट्रंकेत घातली आणि वर गव्हाचं पोतं ठेवलं. आईनं सकाळी पोतं उचलायला मलाच लावलं. योगायोग बघा, त्याच साली तिकडे अमेरिकेत जेसनचा नववा भाग निघाला होता आणि त्याचंही नाव ‘फायनल’च होतं, ‘द फायनल फ्रायडे’. पहिला फायनल होऊन नऊ वर्षं झाली होती. तर असो. दहाव्यात तो अंतराळात गेला. पृथ्वीवर संपवून जमत नाही म्हटल्यावर दुसरं करणार काय?

२०१३ चा तात्या विंचू थ्री-डी होता. अप्पांनी स्वतःच्या चष्म्यावर तो काळा चष्मा चढवला, त्यावर टोपी खाली ओढली आणि बसले. बाहुला अंगावर आला की ते त्याला हातानं बाजूला करायचे. मध्यंतराच्या जरा आधी माझ्याकडे वाकून म्हणाले, “लक्ष्या कधी येतो?”

“अप्पा, लक्ष्मीकांत बेर्डे गेले ना २००४ ला.”

“हां.” मग बराच वेळ ते गप्प होते. बाहुला दोनदा अंगावर आला, पण त्यांनी हात हलवला नाही. येताना गाडीत म्हणाले, “मारणारा आला परत. हसवणारा नाही आला.” आणि खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्याचीही बोलणी अधूनमधून कानावर येतात. अप्पा म्हणायचे, येईल, तात्या चिवट आहे.

तर २०२२ ची दिवाळी. चिरंजीवांनी ‘हॅलोवीन एंड्स’ कुठून तरी पेन ड्राइव्हवर आणला. कुठून ते मी विचारलं नाही. दिवसभर लोकांना के. वाय. सी. विचारून घरी काही विचारायचं त्राण उरत नाही. ही मालिका जेसनपेक्षा जुनी. पहिला भाग १९७८ चा, जॉन कार्पेंटरचा. मायकेलचा तो पांढरा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टनच्या तोंडाचा बाजारात मिळणारा मुखवटा, पांढरा रंगवलेला. हे चिरंजीवांनी सांगितलं तेव्हा अप्पा खूश झाले. शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी एकाच दाढीवर अफझलखान आणि विश्वामित्र काढलेले होते.

चव्वेचाळीस वर्षांत तेरा भाग. त्यातल्या तिसऱ्यात मायकेलच नाही. १९९८ च्या भागात त्याचं मुंडकं धडावेगळं केलं. चला, सुटलो. तर २००२ मध्ये कळलं, की मुंडकं उडालं ते एका बिचाऱ्या ॲम्ब्युलन्सवाल्याचं. मायकेलनं त्याला मुखवटा घालून स्वतः पळ काढला होता. आणि २०१८ ला तर कहर केला. पहिल्या भागानंतरचे सगळे भाग झालेच नाहीत असं धरून पुढे गोष्ट चालू केली. बँकेत याला उलट नोंद म्हणतात. आम्ही एका शंभर रुपयाची केली तरी मेमो मिळतो. यांनी चाळीस वर्षांची केली.

दिवे बंद करून बसलो. अप्पा आरामखुर्चीत, गुडघ्यावर शाल. ही स्वयंपाकघरात, पण दार उघडं. लॉरी नावाची ती पहिल्या भागातली मुलगी आता आजी झालेली. नटीही तीच, जेमी ली कर्टिस. तिला पडद्यावर बघून अप्पा म्हणाले, “ही पण थकली.” शेवटी ती मायकेलला स्वयंपाकघरात ओट्यावर खिळवते आणि मारते. मग अख्खं गाव त्याचं प्रेत मिरवत नेतं आणि भंगार चिरडायच्या यंत्रात टाकतं.

“चरकात घातला!” अप्पा खुर्चीत सरसावून बसले. उसाच्या भागातला माणूस. “आता मात्र चिपाड झालं. चरकातून रस निघतो, माणूस निघत नाही.”

“मग मेला ना, आजोबा?”

“मेला. आता मान्य.”

चिरंजीवांनी दिवा लावायला हात पुढे केला. अप्पांनी थांबवलं. त्यांचा नियम होता, पाटी संपेपर्यंत उठायचं नाही. पडद्यावर लॉरीचं घर दिसत होतं, रिकामं, शांत. आणि टेबलावर तो मुखवटा.

अप्पा हसायला लागले. कवळी सांभाळत, खोकत हसायला लागले. “मुखवटा ठेवलाय! अरे, ठेवलाय तो! ठेवलेलं कुणीतरी काढणारच!”

त्यांना पाणी दिलं. हीसुद्धा बाहेर येऊन हसत होती. काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं.

मग नोव्हेंबर आला. वाचकांत कुणी पेन्शनर असतील त्यांना सांगायला नको. नोव्हेंबर हा बँकेत पितृपंधरवड्याच्या उलट असतो. भाद्रपदात गेलेल्यांना बोलावतात, नोव्हेंबरात आम्ही राहिलेल्यांना बोलावतो. वरून निवृत्तांची यादी येते. आपण हयात आहोत म्हणून नावापुढे प्रत्येकानं येऊन सही करायची. तीस तारखेच्या आत नाही केली तर पेन्शन थांबतं. कोरेगावचा निम्मा शिक्षकवर्ग त्या दिवसांत आमच्या काउंटरसमोर असतो. एकमेकांना बघून “अरे, तू आहेस का?” असं विचारत असतो आणि उत्तर ऐकून काहींचा चेहरा पडतोही.

अप्पांना मी म्हणत असे, घरी यादी आणता येत नाही, पण तुम्ही मागच्या दारानं या, खुर्ची देतो. ते रांगेतच उभे राहायचे. त्या वर्षीही राहिले. काठी टेकत पाऊण तास. नंबर आला तेव्हा माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

“नाव?”

सांगितलं.

“हयात आहात का?” हा प्रश्न फॉर्मात नाही. तो मी त्यांना दर वर्षी विचारायचो.

“सध्या आहे. रेकॉर्डवर घे.” सही केली. मोत्यासारखं अक्षर. शेवटचा काना जरा कापला. मग पेनाला टोपण लावून मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ही शेवटची.”

मागून एक गुरुजी ओरडले, “गेली वीस वर्षं ऐकतोय! सरका पुढं!”

२०२३ च्या जूनमध्ये अप्पा गेले. पाऊस लांबला होता. त्या दिवशी ते कशालाही शेवटचं म्हणाले नव्हते. उलट सकाळी २००९ ची ती छत्री माझ्या हातात देऊन म्हणाले होते, काडी निखळलीय, येताना नीट करून आण, पाऊस येईल. छत्री नीट करून मी सहा वाजता घरी आलो तेव्हा दारात चपला होत्या. पुष्कळ.

दहाव्याला तिळगंगेकाठी पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, इच्छा काही राहिलेली नव्हती. चिरंजीव माझ्या कानाशी म्हणाला, “बाबा, तात्या विंचू तिसरा.” मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मग दोघंही नदीकडे तोंड करून उभे राहिलो. हसत होतो की काय ते लोकांना दिसू नये म्हणून.

नोव्हेंबरात यादी आली. अनुक्रमांक ४३ ला अप्पांचं नाव. कागदपत्रं सगळी वेळेवर दिली होती. पेन्शन जूनमध्येच थांबलं होतं, नाव तेवढं राहिलं होतं. मी लाल पेनानं ‘मयत’ लिहिलं, तारीख घातली, दाखल्याची झेरॉक्स टाचली, साहेबांची सही घेतली. हात थोडा जड झाला, पण काम नियमाप्रमाणे झालं. घरी चिरंजीव म्हणाला, “द फायनल चॅप्टर.” तो तेव्हा बारावीला होता.

२०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा यादी आली. मी पान उलटलं. अप्पांचं नाव होतं. अनुक्रमांक ४१. म्हणजे एका वर्षात दोघांना मागं टाकून ते वर सरकले होते. नावापुढे सहीचा रकाना, कोरा.

शिपाई चहा घेऊन आला तो तसाच उभा राहिला. मला हसू आवरत नव्हतं आणि तो माझ्या डोळ्यांकडे बघत होता. तेवढ्यात रांगेतून तेच मागच्या वेळचे गुरुजी, आता कानाला यंत्र लावलेले, काउंटरवर वाकून यादीत बघत म्हणाले, “आमचे दोस्त येऊन गेले का सही करून? दिसले नाहीत बरेच दिवसांत.” त्यांच्या मुलानं त्यांना मागून हळूच धरलं आणि माझी खुणेनं माफी मागितली. मी म्हणालो, “नाही गुरुजी. अजून यायचेत.”

रात्री चिरंजीवाला पुण्याला फोन केला. तो आता इंजिनिअरिंगला आहे. त्याला सांगितलं, एक्केचाळिसावा नंबर, सहीचा रकाना कोरा. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, “बाबा, मुडदा कुणी बघितला?”

आम्ही दोघांनीच खांदा दिला होता.

“काय अभद्र बोलताय फोनवर!” ही आतून म्हणाली. मग बाहेर आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला जेवलास का म्हणून विचारलं.

सहीची मुदत तीस तारखेपर्यंत असते. त्या वर्षी तीस तारखेला शनिवार होता, पण पाचवा, म्हणून बँक चालू होती. बाकीचे सगळे येऊन गेले. लाल पेन मी सकाळीच काढून ठेवलं होतं. काउंटर बंद व्हायची वेळ होईपर्यंत एक्केचाळिसावा रकाना मी मोकळा ठेवला.